बॉलकडे न पाहणारे काका

काकांच्या घरी मी सलग चार वर्षं कॉलेज फुटबॉल, अमेरिकन, हेल्मेट घालून धडका मारायचा तो, पाहिला आणि त्या चार वर्षांत त्यांनी मला एकदाही स्कोअर विचारला नाही. शनिवारी दुपारी मॅच रंगात आलेली असताना ते खुशाल उठून दूध आणायला जायचे. परत आले की दारात बुटांच्या नाड्या सोडता सोडता एकच प्रश्न असायचा, "सगळे चालत गेले ना?" मी हो म्हटलं की समाधानाने सोफ्यावर बसायचे. स्ट्रेचर आलं होतं असं सांगितलं, की त्यांचा चेहरा उतरायचा, मग आपली टीम चाळीस पॉइंट्सनी पुढे का असेना.

हे सगळं डब्लिनमधलं. डब्लिन म्हणजे ओहायोतलं, कोलंबसला लागून असलेलं. माझ्या आईने नागपुरात शेजारीपाजारी मुलगा आयर्लंडला आहे असं सांगून ठेवलं होतं आणि ते दुरुस्त करायच्या भानगडीत मी पडलो नाही. एका इन्शुरन्स कंपनीच्या प्रोजेक्टवर व्हिसा घेऊन आलो होतो, गाडी नव्हती, ओळख नव्हती. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की पंचकाकांचं बेसमेंट रिकामं आहे, पण ते इंटरव्ह्यू घेतात.

इंटरव्ह्यू खरंच झाला. पगार, खाणंपिणं, सिगरेट, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. मला टीव्हीसमोर बसवलं, एक प्ले, म्हणजे खेळातला एक डाव, दाखवला आणि रिमोटने चित्र थांबवून म्हणाले, "काय दिसलं?"

"टचडाउन झालं," मी आपला गोलसाठीचा, तिथल्या तिथे शिकलेला शब्द ठोकून दिला.

"नापास," काका म्हणाले. "डावीकडच्या बारा नंबरने मान खाली घालून धडक मारली, ते नाही दिसलं? अख्खं जग बॉलकडे बघतं रे. बॉलला काय होणार आहे? त्यात हवाच आहे. तू डोक्यांकडे बघ." मग थोडा विचार करून म्हणाले, "राहा. शिकशील."

काका अंगाने काडी, डोक्याने सफाचट. शनिवारी गळ्यात लाल दोरीची शिट्टी. तरुणपणी इस्लामपूरकडे कबड्डीचे पंच होते, म्हणून सगळे त्यांना पंचकाका म्हणत. इथे आल्यावर नोकरीभर त्यांनी एकच काम केलं होतं. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस मशिनच्या जबड्यात कामगाराचा हात जाऊ नये म्हणून जाळ्या बसवायचं. बत्तीस वर्षं. निवृत्त झाल्यावर हात वाचवायचे संपले, तेव्हा त्यांनी डोकी वाचवायला घेतली.

कॉलेज फुटबॉलमध्ये टार्गेटिंग नावाचा एक नियम आहे. काकांना तो रामरक्षेसारखा पाठ होता. हेल्मेटच्या माथ्याने कुणालाही धडक मारायची नाही. आणि जो खेळाडू त्या घडीला स्वतःला सावरू शकत नाही, म्हणजे हवेत उडी मारून बॉल झेलतोय किंवा पाठमोरा आहे, त्याच्या डोक्याला, मानेला तर कशानेच जोरात लागायचं नाही. केलंत, तर पंधरा यार्डांचा दंड आणि तुम्ही मॅचच्या बाहेर. दुसऱ्या हाफमध्ये केलंत, तर पुढच्या मॅचचा पहिला हाफसुद्धा बाहेर. शिवाय रेफ्रीला सूचना अशी की शंका आली तरी फाउल द्या. ह्या शेवटच्या वाक्यावर काका फिदा होते. "क्रिकेटमध्ये शंकेचा फायदा बॅट्समनला," ते म्हणायचे, "इथे शंकेचा फायदा डोक्याला. कुणी लिहिलं असेल रे हे? भेटला तर पाया पडेन."

नियम टीव्हीपुरता राहिला असता तर त्यांना कुणी चक्रम म्हटलं नसतं. त्यांनी तो घरात लागू केला होता. अमेरिकन रेफ्रीकडे पिवळं फडकं असतं, फाउल झाला की तो ते मैदानावर फेकतो. काकांकडे हळदीने पिवळं पडलेलं एक जुनं फडकं होतं, नीट उडावं म्हणून कोपऱ्यात सुपारी बांधलेली. जो सावरू शकत नाही अशा माणसाला घरात कुणी शब्दाने लागेल असं बोललं, की ते फडकं हवेतून यायचं. मग रिव्ह्यू. टीव्हीवर जसा वर केबिनमध्ये बसलेला माणूस निकाल पक्का करतो, तशा इथे स्वयंपाकघरातल्या काकू. त्यांनी कन्फर्म केलं, तर गुन्हेगार गराजमध्ये. लॉनमोअर आणि बर्फाच्या फावड्यांमध्ये एक घडीची खुर्ची त्यासाठी कायमची उघडून ठेवलेली असायची.

काकांच्या घरी मंडळाच्या एका जेवणाला कुणी मोठे डायरेक्टर आले होते. त्यांच्या समोर बसलेल्या मुलाची नोकरी आदल्याच आठवड्यात गेली होती, व्हिसाचे साठ दिवस सुरू झाले होते, तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली नाही तर देश सोडायचा, आणि तो खाली बघून मुकाट्याने श्रीखंड खात होता. साहेब मजेत म्हणाले, "काय मग, परतीचं तिकीट काढलं की नाही? पुण्यात हल्ली बरी थंडी असते म्हणे." दोघेतिघे हसले. पिवळं फडकं साहेबांच्या ताटातल्या बटाट्याच्या भाजीवर पडलं.

"टार्गेटिंग!" काका उभे राहिले होते. "रिव्ह्यू!"

काकूंनी पुरी तेलात सोडता सोडता आतून विचारलं, "ज्याला बोलले, तो बघत होता का?"

"मान खाली होती. तोंडात घास होता."

"कन्फर्म्ड," काकू म्हणाल्या. "ताट घेऊन जा म्हणावं, पुऱ्या पाठवते."

साहेबांना वाटलं गंमत आहे. काकांनी गराजचं दार उघडून धरलं, तेव्हा कळलं की नाही. ते पुन्हा कधी आले नाहीत. त्या मुलाला काकांनी पन्नासाव्या दिवशी आपल्या जुन्या ओळखीतून नोकरी लावून दिली. साहेबांबद्दल मात्र त्यांनी एक वाईट शब्द काढला नाही. दंड भोगला की फाउल संपतो असं त्यांचं मत होतं.

मी एकदा त्यांच्या टकलावर विनोद केला आणि घाबरून फडक्याकडे बघायला लागलो. काका म्हणाले, "काही नाही. मी समोरून बघत होतो, सावध होतो. लीगल हिट." उलट एकदा त्यांनी साक्षात मेहुणीवर फडकं टाकलं, तेव्हा काकूंनी आतून "ओव्हरटर्न्ड", म्हणजे फाउल रद्द, असा निकाल दिला आणि शिवाय काकांनाच कांदे चिरायला बसवलं. दर सोमवारी ते रेफ्रींच्या ऑफिसला ईमेल करायचे, कुठल्या प्लेला कुणाचं डोकं कुठे होतं ते कळवणारी. उत्तर एकदाच आलं, आभार मानणारं, दोन ओळींचं. ते छापून त्यांनी फ्रिजवर लावलं होतं, काकूंच्या भिशीच्या यादीशेजारी.

त्यांना एकच मुलगा, इथेच जन्मलेला. आईवडिलांनी मराठीत बोलायचं, त्याने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असा त्या घराचा रिवाज. मला तो दादा म्हणायचा. दीड तासावरच्या एका छोट्या कॉलेजात शिकत होता आणि त्यांच्या टीममधून खेळायचा. मोठ्या टीव्हीवर न दिसणारी टीम, स्कॉलरशिप वगैरे काही नाही, नुसती हौस. तो लांब धावत जाऊन बॉल झेलायचा. शाळेत असताना काकूंचा ठाम विरोध होता. काका म्हणाले होते, "अगं, नियम आहेत ना. नियम पाळले तर काही होत नाही." त्यांनी स्वतः त्याला गवतावर गादी टाकून धडक कशी घ्यायची ते शिकवलं होतं. डोकं वर, छाती पुढे.

त्याच्या शेवटच्या वर्षातला तो ऑक्टोबर. काका, काकू आणि मी त्याची मॅच बघायला गेलो होतो. पत्र्याच्या बाकांवरून थंडी वर चढत होती, काकूंनी थर्मासमध्ये चहा आणि झिपच्या पिशवीत चिवडा आणला होता. माझं काम ठरलेलं होतं, मुलगा मैदानात आला की फोनवर शूटिंग करायचं, म्हणजे रविवारी रिव्ह्यूला घेता येतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे दुसरा हाफ सुरू झाल्यावर, लांब पास आला. मुलगा धावत सुटला, उंच उडी मारली आणि दोन्ही हात वर करून बॉल धरला.

"धरला! धरला रे!" काका बाकावर चढून उड्या मारत होते. काकूंच्या हातातला चहा सांडला.

मी मात्र डोक्यांकडे बघत होतो. काकांनीच शिकवलं होतं. मुलाचे पाय अजून जमिनीला लागले नव्हते तोच समोरच्याने मान खाली घातली आणि हेल्मेटचा माथा त्याच्या हनुवटीखाली घातला. फडकं पडलं नाही. मैदानावरच्या रेफ्रींना बहुधा दिसलंच नसावं, त्यांचंही लक्ष बॉलकडे असेल. मुलगा उठला. उठून दोन पावलं दुसऱ्या टीमच्या बाकाकडे चालला, थांबला, वळला. मित्रांनी त्याच्या हेल्मेटवर शाबासकीचे फटके मारले आणि तो खेळत राहिला.

मॅच संपल्यावर काका कोचचा हात दोन्ही हातांत धरून हलवत उभे होते. मुलाने कुंपणाशी माझी बाही पकडली. आभाळ चांगलं भरून आलेलं, तरी तो डोळे बारीक करून बघत होता.

"दादा, यू सॉ इट, राइट?"

"हो. डॉक्टरला दाखव."

"प्लीज यार, डोन्ट टेल बाबा. ओन्ली थ्री गेम्स लेफ्ट. आय हॅव अ हेडेक, दॅट्स ऑल. प्रॉमिस मी."

त्याने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला बर्फात गाडी चालवायला त्याने शिकवलं होतं, माझ्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला आपल्या मित्रांत नेलं होतं. मी प्रॉमिस केलं. आज त्याची लाज वाटते, तेव्हा मैत्री वाटली होती.

परतताना गाडी मी चालवत होतो. कोचच्या नादात खेळाडू मैदानातून कसे बाहेर गेले ते काकांना दिसलं नव्हतं. मागच्या सीटवरून त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "सगळे चालत गेले ना?"

"हो काका," मी म्हटलं. चालत तर गेलेच होते सगळे.

रविवारी त्यांनी व्हिडिओ मागितला. मी सांगितलं, फोनची बॅटरी ऐन वेळी गेली. काका हळहळले आणि म्हणाले, "असू दे, माझ्या डोळ्यांत आहे तो कॅच." माझ्यावर त्यांना शंका आली नाही याचाच मला जास्त त्रास झाला.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो आणि मुलाचा फोन स्पीकरवर होता. त्याने काकूंना विचारलं, या वीकेंडला घरी आलो तर थालीपीठ करशील का. करते म्हणाल्या. थोडं इकडचं तिकडचं बोलून त्याने पुन्हा तेच विचारलं. काकू हसल्या. मग तिसऱ्यांदा विचारलं, अगदी त्याच शब्दांत. काका म्हणाले, "अरे, आत्ताच तर विचारलंस, किती भूक लागलीय तुला!" आणि तेही हसले. माझ्या हातातला घास तसाच राहिला. प्रॉमिस म्हणजे काय आणि ते कुणाच्या डोक्याच्या किमतीवर पाळायचं, हे मला आधी कळायला हवं होतं. फोन ठेवल्यावर मी माझा मोबाइल काकांसमोर ठेवला आणि व्हिडिओ लावला.

पहिल्यांदा बघताना ते हसत होते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावला. दुसऱ्यांदा त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा झाला. काकूंनी न बघताच विचारलं, "काय झालं?"

"मी बॉलकडे बघत होतो," काका म्हणाले. "आयुष्यात एकदाच बॉलकडे बघितलं गं."

पाच मिनिटांत आम्ही गाडीत होतो. काकूंनी फोन करून टीमच्या ट्रेनरला, म्हणजे खेळाडूंची दुखापत बघणाऱ्या माणसाला, कळवलं होतं. त्याने मुलाला आधीच एका खोलीत दिवे बंद करून बसवलं होतं. मेंदूला मार बसला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, शनिवारी असाच खेळला असता आणि वरून दुसरा फटका बसला असता, तर काही सांगता आलं नसतं. त्याचा सीझन तिथे संपला. काका त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, हात धरून. मुलाने अंधारात माझ्याकडे बघितलं.

"यू गेव्ह मी युअर वर्ड, दादा," तो म्हणाला. त्यानंतर दीड वर्ष तो माझ्याशी बोलला नाही.

शुक्रवारी काकांनी जेवणाच्या टेबलावर ते पिवळं फडकं आणून ठेवलं आणि काकूंना हाक मारली. "रिव्ह्यू आहे. मी बघायला हवं होतं, बघितलं नाही. याने बघितलं आणि शिट्टी वाजवली नाही. वर मला खोटं सांगितलं. निकाल दे."

काकूंनी आधी गॅस बंद केला. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "दोघंही बाहेर. बघितलं तर मीही नव्हतं. पण हाफटाइम झाला हे सांगायला कुणीतरी आत लागेल."

दुसऱ्या हाफमधला फाउल होता, तेव्हा पुढच्या मॅचचा पहिला हाफ. शनिवारी गावच्या मोठ्या टीमची मॅच होती, घरोघरी झेंडे लागले होते. आम्ही दोघं कोट घालून गराजमध्ये बसलो. दुसरी खुर्ची काकांनी स्वतः आणली. भिंतीपलीकडून टीव्हीवरच्या गर्दीचा आवाज येत होता आणि बर्फाचं फावडं माझ्या गुडघ्याला टेकलं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"कोडोलीला एक फायनल होती," ते म्हणाले. "मी पंच. रेडरला चौघांनी उचलला, उलटा. मला दिसत होतं की मानेवर पडणार. शिट्टी दातांत होती. पण पाच हजार माणसं ओरडत होती आणि मॅच बरोबरीत होती. म्हटलं, एक सेकंद बघू या." त्यांनी कोटाची कॉलर वर ओढली. "त्यानंतर त्याची मान कधी सरळ झाली नाही. पानपट्टी टाकली त्याने. मी गावी गेलो की त्याच्याकडे पान खायचो. तो कधी काही बोलला नाही. मला पान आवडतही नाही रे."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, थंडीने कडक झालेला. "तू तीन दिवस उशिरा वाजवलीस," ते म्हणाले. "पण वाजवलीस. मला ते जमलं नव्हतं." मी रडलो, हे सांगायला मला आता काही वाटत नाही. भिंतीपलीकडे कुणीतरी टचडाउन केलं. आम्ही दोघं लॉनमोअरकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने आतलं दार उघडलं आणि काकू म्हणाल्या, "हाफटाइम झाला. या आत, पोहे गार होतायत."

मुलाची डोकेदुखी उतरायला वसंत ऋतू उजाडला, पण उतरली. तो पुढे पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. दीड वर्षाने त्याने मला पहिला फोन केला, तोही खिचडी कुठल्या तांदळाची चांगली होते असल्या काहीतरी निमित्ताने. झाल्या गोष्टीबद्दल आम्ही आजतागायत बोललेलो नाही. माझं लग्न झालं, दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. काका गेल्या मार्चमध्ये गेले. शिट्टी त्यांच्याबरोबर दिली. फडकं काकू ओटा पुसायला वापरतात. मी हळहळलो तर म्हणाल्या, "घरात आता मी एकटी, कुणावर टाकू?" सुपारी मात्र अजून त्याच्या कोपऱ्यात बांधलेली आहे.

मुलगा फुटबॉल बघत नाही. मी बघतो, आणि माझी बायको म्हणते की मी फार वाईट बघतो, कोण जिंकलं ते मला कधीच सांगता येत नाही. परवाच्या शनिवारी मॅचमध्ये एक पोरगा हवेत असताना आपटला आणि पडून राहिला. मैदान चिडीचूप झालं. दोघं डॉक्टर त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसले होते. नेमका तेव्हाच रेडमंडहून फोन आला. पावसात अडकलोय, बसची वाट बघतोय, असलं काहीतरी तो इंग्लिशमध्ये सांगत होता. मग मागे चाललेला टीव्ही त्याला ऐकू आला असावा. बोलणं अर्धवट सोडून अडखळत, अमेरिकन उच्चारांत, पण मराठीत त्याने विचारलं, "दादा, सगळे चालत गेले ना?"

मैदानावरच्या त्या पोराने एक गुडघा उचलला होता. अजून उभा राहिला नव्हता.

"थांब," मी म्हटलं. "फोन ठेवू नकोस. अजून बघतोय."